चोरलेला कंद

फ्रेसिया किलोद्रानबद्दल दोन बरे शब्द सांग, असे मला कुणी म्हणाले तर मी कुऱ्हाड उचलून लाकडे फोडायला निघून जाईन. आमच्या नोत्रोस गावात तिच्याबद्दल बरे शब्द कुणाकडेच नाहीत. तिच्याकडे तरी आमच्याबद्दल कुठे होते? पण माणूस बरा नाही म्हणून त्याची गोष्ट सांगू नये, असा काही नियम नाही. मी लाकूडवाला. बैलगाडीतून दारोदार लाकडे पोचवतो, ती रचून देतो, आणि रचता रचता जे दिसते ते पाहतो. तिच्या दारात लाकडे टाकली, तिच्या बहिणीच्या दारातही टाकली. दोघींच्या चुलींचा धूर मला ओळखता येतो, तेव्हा ही गोष्ट माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

आमच्याकडे दक्षिणेत मार्च सरला की पानगळ लागते आणि डोंगराला रंग चढतो. आधी अगदी वर, बर्फाच्या रेषेखाली, लेंगाची झाडे तांबडी होतात. मग तो रंग रोज थोडा थोडा खाली उतरतो. राउलीची पाने जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी होतात, रोब्लेची झाडे पिवळी पडतात, आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याच्या सुमारास रंग तळ्याकाठच्या वनस्पती-उद्यानात येऊन पोचतो. तिथे दूरदेशाहून आणून लावलेले मेपल आहेत, ते तर लाजच सोडतात. त्या पेटलेल्या झाडांच्या पायाशी हंगामाची शेवटची फुले असतात. हिरव्या वेलीला कोपीवेच्या लाल घंटा लोंबतात. आणि उन्हात, भिंतीच्या आडोशाला, डेलिया. पहिले कडक, गोठलेले दहिवर पडेपर्यंत त्या फुलत राहतात, आणि ज्या सकाळी ते पडते त्या सकाळी काळ्याठिक्कर होऊन उभ्या राहतात.

हे सगळे बघायला लांबलांबून माणसे येत. आणि परत जाताना फाटकापाशी त्यांना फ्रेसिया भेटे.

"पिशवी उघडा."

उंच, हडकुळी बाई. बागेने दिलेला खाकी डगला उन्हाळ्यातही अंगावर. पाद्री असो की पोलीस, परगावची बाई असो की शाळेतली पोर, प्रत्येकाची पिशवी ती उघडायला लावी आणि आत हात घालून बघे. एकदा माझ्यादेखत वाल्दिवियाहून आलेल्या एका बाईच्या पिशवीतून तिने मेपलचे एक पान बाहेर काढले.

"अहो, खाली पडलेलं होतं," ती बाई म्हणाली.

"पडलेलं पान बागेचं. त्याचं वाफ्यांवर पांघरूण होतं."

"एका पानानं तुमचं पांघरूण कमी पडेल होय?"

"प्रत्येकीचं एकच पान असतं. आणि तुमच्यासारख्या बसा भरभरून येतात."

बाईने रागाने पिशवीच उलटी केली. कंगवा, रुमाल, अर्धे खाल्लेले सफरचंद, सगळे जमिनीवर. फ्रेसियाने ते निवांत पाहिले आणि म्हणाली, "आता उचला. कचरा टाकायला दंड आहे."

परगावच्यांचे जाऊ द्या, ते बसमध्ये बसून निघून जातात. आमच्या गावाने तिच्यावर डूख धरला त्याचे कारण वेगळे होते.

आमच्याकडे मागितलेले रोप लागत नाही. विकत आणलेले रुसते, आणि हातात दिलेले तर मुळातच कुजते. लागते ते चोरलेले. हे आमच्या आज्यांना माहीत होते, त्यांच्या आज्यांनाही. पण चोरीलाही रीत असते. शेजारीण संध्याकाळच्या चहाला येते, येताना पाव घेऊन येते. अंगणात बसते, एखाद्या झाडाकडे बघून म्हणते, काय सुरेख आलंय गं यंदा. यजमानीण ओळखते. ती म्हणते, "बस, किटली बघून येते." आणि आत जाते. किटली उकळत असो नसो, ती चांगला वेळ लावते. तेवढ्यात पाहुणीने फांदी मोडायची, कंद उपटायचा, शालीखाली घालायचा. यजमानीण बाहेर येते, तुटलेली फांदी तिला दिसते, आणि ती साखर किती घालू विचारते. आभार मानायचे नाहीत. आभार मानले तर रोप मरते आणि शेजारही. आमच्या गावातली एकेक परसबाग अशीच या दारातून त्या दारात गेलेली आहे. जी बाई किटली बघायला उठत नाही, तिला आम्ही माणसात धरत नाही.

फ्रेसियाच्या आधीच्या दरवानालाही हे कळत होते. गावातली कुणी फुलांपाशी रेंगाळलेली दिसली की तो पाइप पेटवायला भिंतीआड जाई. फ्रेसिया आली आणि ते संपले. ती बायकांच्या मागे मागे चाले, टाचेला टाच लावून.

"बाग म्हणजे काय माझी परसबाग आहे?" असे ती म्हणे. "इथलं पानसुद्धा माझं नाही, तर पाठ कुणाच्या जिवावर करू?"

गावाने तिचे नाव 'कुलूप' ठेवले. पावाच्या दुकानात ती शिरली की बायका आपापली पिशवी उघडून तिच्यासमोर धरत. "बघ बाई, पावच आहे. तुझी बाग नाही नेली." दुकानदारीण रेमेदियोस, जाडजूड, तोंडाची फटकळ, ती तर तिला सुटे पैसे देताना विचारी, "किल्ली कुठं ठेवतेस गं कुलपा? की गिळलीस?"

"तुझा पाव गिळते रोज. त्याहून कठीण काय असणार," फ्रेसिया म्हणे, आणि पाठ न वळवता दाराबाहेर पडे. खरेच, ती कधी कुणाकडे पाठ करीत नसे.

आता तिच्या आईबद्दल सांगतो. आज जिथे बागेची तिकीट-खिडकी आहे तिथे दोरालीसाचे स्वयंपाकघर होते. दोरालीसाला दोन मुली, थोरली फ्रेसिया, धाकटी ओतिलिया. नवरा तळ्यात बुडाला त्या पानगळीत तिच्या दारात एक डेलिया पहिल्यांदा फुलली. लाल म्हणावी तर काळी, काळी म्हणावी तर उन्हात कडेने द्राक्षाच्या दारूसारखी चमकणारी. दोरालीसाने तिचे नाव 'विधवा' ठेवले. कंद कुठून चोरला होता ते तिने कधी सांगितले नाही. तसली डेलिया आमच्या बाजूला दुसरी नव्हती.

पुढे बाग वाढली, दोरालीसाच्या जमिनीपर्यंत आली. म्हातारीने जमीन दिली, पण दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. डेलियांचा वाफा आहे तिथेच राहील, आणि फाटक फ्रेसिया सांभाळील. ओतिलियाचे लग्न झालेले होते, ती रस्त्यापलीकडे नवऱ्याच्या घरात. ती मला एकदा म्हणाली होती, "आईनं तिला फाटक दिलं. मला काय दिलं? रस्त्याची धूळ."

म्हातारी गेली. माती होऊन थोडे दिवस झाले आणि एका संध्याकाळी ओतिलिया पाव घेऊन बहिणीकडे आली. मी भिंतीशी लाकडे रचत होतो. दोघी वाफ्यापाशी बाकावर बसल्या. मेपलची पाने त्यांच्या केसांत पडत होती, दोघीही झटकत नव्हत्या. बऱ्याच वेळाने ओतिलिया म्हणाली, "विधवा काय सुरेख आलीय गं यंदा."

मला वाटले आता फ्रेसिया उठेल. बहीणच ती. माझे हात आपोआप थांबले.

"आलीय," फ्रेसिया म्हणाली. उठली नाही.

"थंडी पडलीय. चहा घेतला असता."

"किटली मी मघाच उतरवली."

ओतिलियाने पावाचे फडके पुन्हा बांधले, पाव काखेत मारला आणि रस्ता ओलांडून गेली. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. समोरासमोर दारे, मध्ये बैलगाडीभर रस्ता. एकीने अंगण झाडले की दुसरी खिडकी लावून घेई.

वर्षे गेली. ओतिलियाचा नवरा वारला, मुलगा नोकरीला पार दक्षिणेला गेला. फ्रेसियाच्या केसांवर दहिवर पडले. कुलूप मात्र गंजले नाही.

मग एका पानगळीत पावाच्या दुकानात रेमेदियोसने उगाच, निव्वळ तिला डिवचायला म्हटले, "पवित्र आठवड्यात या वर्षी आम्ही सगळ्या मिळून येणार बरं का. सात-आठजणी. तू कुणाकुणाच्या मागे चालशील? विधवा या वर्षी जाणार."

बाकीच्या हसल्या. हसण्यापलीकडे कुणाच्या मनात काही नव्हते. त्या आठवड्यात रेमेदियोसला भट्टीपासून हलायलाही फुरसत नसते. पण फ्रेसिया हसणाऱ्यांतली नव्हती. तिने चोरी फक्त अडवली होती, कधी केली नव्हती. त्यामुळे खरा चोर कोण आणि तोंडाळ कोण, हे तिला कळत नसे.

दुसऱ्या दिवशी तिने विधवा उपटली. ऐन फुलात, हिरवीगार. डेलियाचा कंद दहिवराने झाड काळे पडल्यावर काढतात, देठ सुकू देतात, मग कोरड्या वाळूत ठेवतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. फ्रेसियालाही माहीत होते, पण धास्तीपुढे माहिती कुठे चालते? सगळे कंद तिने गुरांच्या खाद्याच्या प्लास्टिकच्या पोत्यात कोंबले, तोंड तारेने आवळले आणि तिकिटाच्या खोलीत शेगडीमागे लपवले.

वसंतात मी शेवटची लाकडे घेऊन गेलो तेव्हा तिने ते पोते माझ्या पायाशी आणून टाकले. वास आला तेव्हाच मी ओळखले.

"तळ्यात टाकून ये," ती म्हणाली.

"काय आहे त्यात?"

"तुला नाक नाही का?"

मी टाकून आलो. गावाला पुढच्या पानगळीत कळले. डेलियांच्या वाफ्यात पिवळ्या होत्या, गुलाबी होत्या, मधोमध एक मोकळी जागा होती. फ्रेसियाने तिथे दुसरे काही लावले नव्हते, राउलीची पाने पसरून ठेवली होती, जखमेवर फडके टाकावे तशी. लोक रांगेने बघून गेले.

"कुलपानं आतूनच चोरी केली," रेमेदियोस म्हणाली. त्या वाक्यावर गावाचा एक आठवडा निघाला. मीही हसलो. का हसू नये? माझ्या बायकोला तिने एकदा कोपीवेच्या एका सुकल्या फुलावरून फाटकात उभे केले होते, पावसात.

त्याच पानगळीत ओतिलियाने मला बोलावले. ती आता आवराआवर करीत होती. जून लागायच्या आत मुलाकडे पुंता आरेनासला कायमची जायची. इथले घर घेणारा माणूस त्या जागी सुट्टीवर येणाऱ्यांसाठी लाकडी खोल्या बांधणार होता, परसबाग सपाट करून खडी टाकणार होता.

"हा प्लम पाड," ती म्हणाली. रस्त्याच्या बाजूला कुंपणाशी तो प्लम उभा होता. रुंद, दाट, पाने जांभळी पडू लागलेली.

"वाळलाय कुठं? यंदा फळ धरलं होतं की."

"पाड म्हटलं ना. लाकूड तू ने."

"खोल्या बांधणारा पाडेल की. तू कशाला हात दुखवतेस?"

"हात तुझे दुखणार आहेत एलिसेओ. माझं फक्त तोंड दुखतंय, तुला तेच ते सांगून."

मी कुऱ्हाड घातली. प्लम पडला तेव्हा त्याच्यामागची लाकूडखोलीची भिंत उघडी पडली, आणि भिंतीला टेकून, माझ्या खांद्याएवढी उंच, फुलांनी वाकलेली विधवा. मी घाम पुसायचेही विसरलो. इतकी वर्षे मी त्या खोलीत लाकडे रचली होती, पण नेहमी दुसऱ्या बाजूच्या दाराने. तिकडे कधी गेलोच नव्हतो.

ओतिलिया पायरीवर हात बांधून उभी होती. ती फुलाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. तिची नजर रस्त्यापलीकडे होती. मी वळून पाहिले. तिकीट-खिडकीच्या काचेत खाकी डगला दिसत होता, अजिबात न हलणारा.

तेव्हा मला कळले की प्लमचा गुन्हा काय होता.

फ्रेसियाने फाटकाला साखळी घातली आणि रस्ता ओलांडला. बाहेर तिकिटासाठी परगावचे एक जोडपे उभे होते, त्यांच्याकडे तिने बघितलेही नाही. ती सरळ परसात आली, पडलेल्या फांद्या तुडवत.

"ही बागेची आहे," ती म्हणाली. इतक्या वर्षांनंतरचा बहिणीशी पहिला शब्द तो.

"ही आईची आहे. तुझ्या बागेच्या आधीची."

"चोरलीस."

"मग? विकत आणणार होते?"

"कधी चोरलीस? मी असताना फाटकातून एक काडी बाहेर गेलेली नाही."

ओतिलिया पायरीवर बसली. तिचे गुडघेही आता म्हातारे झाले होते. "तुझ्या फाटकातून नाही, आईच्या दारातून. आईच्या शेवटच्या पानगळीत मी पाव घेऊन आले होते. तू तळ्यावर धुणं घेऊन गेली होतीस. तिचे पाय सुजलेले, आठवतं? जागचं हलवत नव्हतं. मी म्हटलं विधवा छान आलीय. तर म्हणाली, किटली बघून येते. आणि गेली. काठी टेकत, भिंत धरत. मी कंद काढला, माती सारखी केली, वर पानं टाकली, तरी ती बाहेर आली नव्हती. इतका वेळ दिला तिनं मला."

फ्रेसियाने पायाखालची एक फांदी बाजूला सारली.

"माझ्यासाठी ती कधी किटली बघायला गेली नाही," ती म्हणाली.

"तू घरात होतीस. किटली तूच ठेवायचीस."

"मग नंतर कशाला आलीस पाव घेऊन? कंद तर होता तुझ्याकडे."

"होता. त्या हंगामात माझ्याकडे फुललाही होता." ओतिलियाने तिच्याकडे पहिल्यांदा वर बघितले. "मी कंदाला नव्हते आले. तू उठतेस का, ते बघायला आले होते."

मी कुऱ्हाडीचे पाते अंगठ्याने पुसत बसलो. तिथून निघून जाणे बरे दिसले असते. पण पडलेल्या प्लमच्या फांद्या अर्ध्याच तोडून झाल्या होत्या.

"एक कंद दे," फ्रेसिया म्हणाली.

"मागतेस?"

"मागतेय. ती जागा रिकामी आहे. तू जाणार, इथं खडी पडणार. तुझ्या त्या वाऱ्याच्या गावात ही एक हिवाळा काढणार नाही, तुलाही माहितीय."

"मला माहितीय," ओतिलिया म्हणाली. ती उठली, भिंतीला टेकलेली कुदळ घेतली आणि फुललेल्या झाडाच्या बुडाशी एकच घाव घातला. एक कंद मोडून निघाला, पांढरा, ओला, वर हिरवा देठ आणि देठाला अर्धे उमललेले फूल. तो तिने बहिणीसमोर धरला. "घे. हातात घे. आणि आभारही मान."

हातात दिलेला, हिरवा काढलेला, वर आभार. मरणाची एकही वाट तिने सोडली नव्हती. फ्रेसियाने दोन्ही हात पाठीमागे नेले. ओतिलियाने तो कंद प्लमच्या ताज्या तोडलेल्या बुंध्यावर ठेवला.

"असू दे तिथं. न्यायचा तर ने."

तो तिथेच राहिला. देठावरचे फूल दोन दिवस ताजे होते.

मेमध्ये दहिवर पडले. सकाळी उठलो तर गवत पांढरे, तळ्यावर वाफ, आणि गावातल्या सगळ्या डेलिया जळाल्यासारख्या काळ्या. बुंध्यावरचा कंद मऊ होऊन चपटा झाला होता. बागेत मेपल एका रात्रीत उघडे पडले, राउलीची पाने वाटांवर घोट्यापर्यंत साचली आणि चालताना त्यांचा कागदासारखा आवाज येऊ लागला. परगावची माणसे यायची थांबली. कुरणात टिटव्या तेवढ्या भांडत राहिल्या.

दहिवराला आठवडा झाला. ओतिलियाचा ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी तिच्या परसात प्लमची लाकडे गाडीत भरत होतो. घरातले सामान बांधून झाले होते. अंगणात एक बाक उरला होता आणि आत चुलीवर एक किटली. ओतिलिया बाकावर विणकाम घेऊन बसली होती.

अंगणाचे फाटक वाजले. फ्रेसिया आली होती. अंगावर डगला नव्हता. आईची करडी शाल होती, आणि हातात फडक्यात बांधलेला पाव.

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पाव मध्ये ठेवला. काळी पडलेली विधवा समोर भिंतीशी उभी होती, देठ सुकलेले, कंद काढायला अगदी तयार. दोघी तिकडे बघत राहिल्या.

"काय सुरेख आली होती यंदा," फ्रेसिया म्हणाली.

ओतिलियाच्या सुया चालूच राहिल्या. "आली होती."

आत किटली कुरकुरू लागली. मग तिने बारीक शीळ धरली.

"किटली," फ्रेसिया म्हणाली.

"ऐकू येतं मला."

शीळ वाढली. ओतिलियाने ओळ संपवली, विणकाम उलटे केले, दुसरी ओळ सुरू केली. मी लाकडे भरत होतो आणि प्रत्येक ओंडका जमेल तितका हळू ठेवत होतो. शीळ इतकी वाढली की बैलांनी कान हलवले.

"पाणी आटेल."

"माझी किटली, माझं पाणी."

"आईची किटली आहे ती."

"मग आईच उतरवील."

फ्रेसियाची बोटे शालीत रुतली. तिचा चेहरा मी फाटकापाशी हजारदा पाहिला होता, दगडासारखा. तो तसाच होता, पण दगडालाही पाणी सुटते. ती उठून गेली असती तर मला आश्चर्य वाटले नसते. गेली नाही, बसून राहिली. शीळ घोगरी झाली, मग किटलीच्या बुडाशी तडतड ऐकू आली.

"एलिसेओ," ओतिलिया माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा. उतरव ती."

"बुटांना चिखल आहे," मी म्हटले. "फरशी पुसलीस ना सकाळी. मग मलाच पुसायला लावशील."

"बूट काढ."

"मोज्यांना भोकं आहेत. दोन बायकांसमोर कसे काढू?"

ती मला जे म्हणाली ते मी इथे सांगत नाही. तिने विणकाम बाकावर आपटले आणि उठली. "तुझ्यासाठी जात नाहीये," ती बहिणीला म्हणाली. "किटली जळतेय म्हणून जातेय. नीट ऐकून घे."

"ऐकलं."

आणि ती गेली. किटली जळत असलेल्या बाईने जावे तशी नाही. एक हात भिंतीला लावून, एकेक पाऊल टाकत, मध्येच उंबऱ्याशी थांबून. तिच्या आईचे पाय मी पाहिले होते. हुबेहूब तशी.

शीळ थांबली. ती बाहेर आली नाही.

फ्रेसिया उभी राहिली, भिंतीपर्यंत गेली, कुदळ तिच्या हाताशीच होती. आणि तिथे ती थांबली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या हातांकडे पाहिले होते. स्वतःच्या हातांना काय सांगायचे ते तिला सुचत नव्हते. तिने मान वळवली. मी पाहत होतो.

"तोंड तिकडे कर," ती म्हणाली.

मी बैलांकडे तोंड केले. मागे कुदळ मातीत गेल्याचा आवाज आला. मग हातांनी माती उकरल्याचा, मग फडके फाटल्याचा. घाईघाईचा श्वास. मी बैलाच्या शिंगावरची एक माशी फार लक्षपूर्वक बघितली.

पावले फाटकाकडे गेली. निरोप नाही, काही नाही. मी वळलो तेव्हा ती रस्त्याच्या मध्यावर होती, वाकलेली, शालीखाली काही तरी घट्ट धरून. पहिल्यांदाच ती आमच्याकडे पाठ करून चालली होती.

ओतिलिया बाहेर आली. तिने खड्डा पाहिला.

"दोन नेले," ती म्हणाली. "एक नेता आला असता. आणि खड्डासुद्धा बुजवला नाही. चोरी करायची अक्कल नाही त्या बयेला." ती गुडघ्यांवर बसली आणि हाताने माती सारखी करू लागली. वर तिने प्लमची पाने ओढली, पुन्हा पुन्हा, जागा झाकली गेल्यावरही. मग पाव उचलून आत घेऊन गेली. आमच्या गावची बाई आवाज न करता रडताना मी कधी पाहिलेली नाही, आणि त्या दिवशीही पाहायला नको म्हणून मी बैल हाकून निघून गेलो.

ओतिलिया पुंता आरेनासला गेली. घराच्या जागी खोल्या झाल्या, खडी पडली.

पुढच्या पानगळीत, मेपल पेटले त्याच आठवड्यात, डेलियांच्या वाफ्यात मधोमध विधवा फुलली. गावाला हिशेब लावायला वेळ लागला नाही, आणि लागलाच असता तर मी होतोच. फ्रेसिया किलोद्रानने चोरी केली, ही बातमी पावाच्या भट्टीहून गरम फिरली. तिने ती नाकारली नाही. कबूलही केली नाही.

रेमेदियोस बघायला आली. इतकी वर्षे ती त्या फाटकातून आत गेली नव्हती. वाफ्यापाशी उभी राहून तिने मनसोक्त पाहिले. फ्रेसिया टाचेला टाच लावून मागे होतीच. परत निघताना फाटकात रेमेदियोस थांबली आणि म्हणाली, "काय गं चोरटे, बरी आहेस ना?"

मी फाटकाशी लाकडे उतरवत होतो. कुणी तिला ख्यालीखुशाली विचारलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. फ्रेसियाच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, शपथ मात्र घेणार नाही.

"पिशवी उघड," ती म्हणाली.